सातवीच्या वर्गात शिकवायचा नकार

शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या मुंबईतल्या गोवंडीच्या वस्त्यांत लहान मुलाच्या हाती लागणाऱ्या पहिल्या नशेसाठी अंधाऱ्या बोळात शिरावं लागत नाही. ती पंक्चरवाल्याच्या पेटीत असते, चपला आणि बॅगा शिवणाऱ्या कारखान्यात असते, स्टेशनरीच्या दुकानात असते. मुलं तिला ‘सोल्यूशन’ म्हणतात. रबर चिकटवायचा तो पातळ डिंक, नाहीतर वहीत खोडायचा व्हाइटनर. त्यातल्या टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते. भूक मरते, डोकं हलकं होतं, आणि थोड्याच वेळात सगळं ओसरतं. म्हणून मुलगा पुन्हा हुंगतो. या वाफेमुळे हृदय अ‍ॅड्रेनॅलिनला नको इतकं संवेदनशील होतं. अशा अवस्थेत मूल दचकलं किंवा जोरात पळालं, तर हृदयाची लय बिघडून ते जागच्या जागी कोसळू शकतं. हे पहिल्या वेळीही घडू शकतं.

सोल्यूशनच्या पाठोपाठ ‘बटन’ येतं. नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळीचं हे गोवंडीतलं नाव. मग कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, गांजा, आणि वय जरा वाढलं की ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. ‘म्याव म्याव’ या लाडिक नावाने ते मुंबईत पसरलं, तेव्हा अमली पदार्थांच्या कायद्यात त्याचा उल्लेखच नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो झाला. आणि या सगळ्याच्या आधीपासून घरातच गुटखा आणि मशेरी असतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मशेरीला तर नशा म्हणायची आपली सवयच नाही. आई दात घासते, आजी घासते, म्हणून दहा वर्षांची मुलगीही घासते, आणि तंबाखूशी तिची ओळख अशी चुलीपाशीच होते.

दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. हुंगायची द्रव्यं हा नशेचा असा एकमेव प्रकार आहे, की ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के. त्याच वर्षीच्या शालेय तंबाखू पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखूचं काही ना काही सेवन करत होती, आणि बिनधुराचा तंबाखू वापरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी तो दहाव्या वाढदिवसाच्या आधीच चाखला होता. म्हणजे कॉलेजच्या दारात व्यसनमुक्तीचं व्याख्यान ठेवणारे आपण काही वर्षं उशिरा पोहोचतो.

गोवंडीचा विचार करताना आणखी एक हिशेब मांडावा लागतो. गोवंडी ज्यात येते त्या मुंबई महापालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागात २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसं होती. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हाच विभाग सगळ्यात तळाला होता. १९२७ पासून शहराचा कचरा याच विभागातल्या देवनारला येऊन पडतो आहे, आणि त्याच्या कडेला शहरातून उठवलेली माणसं आणून बसवली गेली. अशा ठिकाणी पालिकेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात. पुढचा वर्ग दुसऱ्या शाळेत, रस्ता ओलांडून, रिक्षाचे पैसे देऊन. या टप्प्यावर काही मुलं गळतात आणि जरीच्या कारखान्यात, गॅरेजवर, भंगारात कामाला लागतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला शाळा सोडते आणि त्याच वर्षी सोल्यूशनची ट्यूब त्याच्या कामाच्या जागी, हाताच्या अंतरावर येते. गोवंडीत व्यसनप्रतिबंधाची वेळ सातवी ही आहे, असं मी म्हणतो ते यामुळे. तिथल्या बऱ्याच मुलांसाठी त्यानंतर वर्गच उरत नाही.

वयाचाही भाग आहेच. या वयात मेंदूतली सुखाची, बक्षिसाची यंत्रणा जोरात असते आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. पण नुसतं ‘मेंदू कच्चा असतो’ म्हणून भागत नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरच्या खेळात गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की कुठवर पुढे जायचं ते ठरवायचं. एकटी असताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांइतकीच सांभाळून खेळली. शेजारी दोन मित्र उभे राहिले, की त्यांनी घेतलेली जोखीम दुप्पट झाली. चोविशीपुढच्या माणसांवर मित्रांच्या असण्याचा काही परिणाम झाला नाही. म्हणजे धोका काय आहे हे मुलाला कळतं. मित्र बघत असताना ते कळलेलं हाताशी येत नाही. ‘डरता क्या? एक बार मार के देख’ हे वाक्य जिंकतं ते इथे.

आता आपण शाळांत काय करतो ते पाहू. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन. फेरी निघते, शपथ होते, सडलेल्या फुप्फुसाचं चित्र लागतं, कवटी आणि सुई असलेलं पोस्टर स्पर्धेत पहिलं येतं. सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलाने सुई आयुष्यात पाहिलेली नसते. पोस्टर आपल्याविषयी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

भीती घालून सवय बदलते का, याची तपासणी फार जुनी आहे. १९५३ मध्ये येल विद्यापीठाच्या अर्व्हिंग जॅनिस आणि सेमूर फेशबाख यांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर तीन तऱ्हेची व्याख्यानं ऐकवली. एकात किडलेल्या दातांची भयंकर चित्रं, दुसऱ्यात मध्यम भीती, तिसऱ्यात साधी माहिती. भयंकर चित्रं पाहिलेली मुलं सगळ्यात जास्त हादरली. पण आठवड्याने पाहिलं तर सवय सुधारण्याचं प्रमाण त्यांच्यात फक्त ८ टक्के होतं, आणि साधं, शांत व्याख्यान ऐकलेल्यांत ३६ टक्के. भीती फार झाली की माणूस ऐकणं बंद करतो.

अमेरिकेने तरीही भीतीवर आणि उपदेशावर भिस्त ठेवली. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन नशेविरुद्ध शिकवत. तो देशभर पसरला, पालकांना आवडला, पोलिसांना आवडला. पुढच्या दोन दशकांतल्या मूल्यमापनांत निष्पन्न एवढंच झालं, की हा कार्यक्रम केलेल्या आणि न केलेल्या मुलांत व्यसनाच्या बाबतीत दखल घ्यावी असा फरक नाही. १९९८ पासून सरकारने टीव्हीवर प्रचंड खर्चाची नशाविरोधी मोहीम चालवली. तिच्या मूल्यमापनात तर जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांचा कल काही वेळा गांजाकडेच झुकलेला दिसला. संशोधकांनी लावलेला अर्थ असा: इतक्या जाहिराती म्हणजे सगळेच घेत असणार, मागे मीच राहिलो, असं मुलांना वाटलं.

हा मुद्दा गोवंडीला फार जवळून लागू होतो. ‘तुमच्या वस्तीत घराघरात नशेडी आहेत’ हे वाक्य वर्तमानपत्रं लिहितात, पाहुणे भाषणात म्हणतात, कधी कधी शिक्षकही वैतागून बोलून जातात. ते ऐकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलापुढे दोनच वाटा राहतात: वस्तीची लाज बाळगायची, किंवा वस्तीसारखं व्हायचं. खरी गोष्ट त्याला कुणी सांगत नाही, की त्याच्या वर्गातली बहुसंख्य मुलं काहीही घेत नाहीत. मुलं नेहमीच दुसऱ्यांचं सेवन असतं त्याहून जास्त धरून चालतात. हा गैरसमज दूर करणं हा प्रतिबंधाचा एक सिद्ध झालेला भाग आहे.

संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष तयार केले आहेत. दुसरी आवृत्ती २०१८ ची. त्यांत नुसती माहिती देणं, घाबरवणं आणि नशेतून बाहेर आलेल्या माणसाची कहाणी ऐकवणं या तिन्ही गोष्टी निष्प्रभ ठरल्याचं नोंदवलं आहे. तिसरी गोष्ट वाचून कुणाला वाईट वाटेल. व्यसन सोडलेल्या माणसाचं धैर्य मोठंच असतं, आणि व्यसनात असलेल्या माणसाला त्याचा आधारही होतो. पण ज्याने अजून सुरुवातच केलेली नाही, असा मुलगा त्या कहाणीतून वेगळंच उचलू शकतो: हा बुडाला होता, तरी आज स्टेजवर उभा आहे.

मग काय चालतं? गिल्बर्ट बॉटविन या संशोधकाने न्यूयॉर्कमध्ये सातवीपासूनचा एक अभ्यासक्रम बसवला. सातवीत पंधरा तास, आठवीत दहा, नववीत पाच. त्यात नशेविषयीची माहिती थोडी, आणि राग आवरणं, निर्णय घेणं, अनोळखी माणसाशी बोलणं, जाहिरातीतली लबाडी ओळखणं, मैत्री न तोडता नाही म्हणणं यांचा सराव पुष्कळ. ५६ शाळांतली मुलं बारावीला गेल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही फरक टिकून होता. आपल्याकडचा पुरावाही आहे. २००४ ते २००६ या काळात दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत सहावी आणि आठवीच्या चौदा हजारांवर मुलांबरोबर ‘मैत्री’ हा प्रकल्प झाला. वर्गातलेच मुलगे-मुली गटप्रमुख, त्यांच्याच तोंडून चर्चा, घरी पालकांना पत्रं. दोन वर्षांत, हा कार्यक्रम न मिळालेल्या शाळांत तंबाखूचं सेवन ६८ टक्क्यांनी वाढलं. मिळालेल्या शाळांत ते १७ टक्क्यांनी घटलं. मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशन २००२ पासून पालिकेच्या शाळांतल्या मुलांना तंबाखूविरोधी कामात पुढारी बनवत आलं आहे, आणि त्याला खेळ आणि कलेची जोड देत आलं आहे.

या सगळ्याचं वर्गातलं रूप कसं असावं, ते जरा तपशिलात सांगतो, कारण नेमकं इथेच आपलं गाडं अडतं.

तास सुरू करताना कुणालाही हात वर करायला सांगू नये. ‘कुणाच्या घरात कोण पितं?’ हा प्रश्न वर्गात विचारला की त्या दिवशीचा तास संपला. ज्याचा बाप पितो तो मुलगा मान खाली घालतो आणि पुढचं काही ऐकत नाही. त्याऐवजी एक पेटी ठेवावी, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाकावा. ‘भाऊ बटन खातो, त्याला कसं उठवायचं?’ असा प्रश्न आला तर शिक्षकाला उत्तर ठाऊक हवं: तो जागा होत नसेल, श्वास मंद असेल, तर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि १०८ ला फोन करायचा. मार बसेल म्हणून थांबायचं नाही.

पुढचा भाग नाटुकल्याचा. दोन मुलं पुढे येतात. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने टाळायचं. भाषा त्यांचीच असू द्यावी. गोवंडीत ती मुंबईची हिंदी असेल, मधे मराठी, मधे उर्दू. ‘ले ना, कुछ नहीं होता.’ यावर पुस्तकातलं ‘नाही, हे आरोग्यास हानिकारक आहे’ असं उत्तर दिलं तर वर्ग हसतो, आणि बरोबर हसतो. असं कुणी बोलत नाही. मुलांना विचारलं की ती आपली उत्तरं स्वतःच काढतात. ‘अब्बू कपडे का वास लेते हैं.’ ‘मेरा मॅच है.’ ‘तू ले, मैं चला.’ कुणी विषय बदलतो, कुणी दुसऱ्या मित्राचा हात धरून दोघं मिळून निघतात. दोघांनी मिळून निघणं एकट्याच्या नकारापेक्षा सोपं असतं, हे मुलांना करून पाहिल्यावरच पटतं. तेच वाक्य चार वेळा, चार जणांसमोर, हसण्याच्या गोंगाटात म्हणून झालं की ते तोंडात बसतं. पाढा जसा पाठ होतो तसाच नकारही पाठ होतो, आणि गल्लीत गरज पडेल तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

पण सगळे आग्रह मित्राचे नसतात. कारखान्यातला मोठा कारागीर, गल्लीतला ‘भाई’, उधार देणारा, सख्खा चुलत भाऊ: यांना नाही म्हणणं वेगळं. तिथे तोंडावर नकार द्यायला शिकवणं म्हणजे मुलाला मार खायला पाठवणं. अशा वेळी निमित्त काढून सटकायचं आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. तो माणूस कोण, हे प्रत्येक मुलाने वर्गात आधीच ठरवून वहीत लिहावं. मामा असेल, बालवाडीच्या ताई असतील, क्रिकेट शिकवणारा दादा असेल. आणि ‘ही पुडी फक्त त्या दुकानात देऊन ये, पन्नास रुपये घे’ हा प्रसंग तर नाटुकल्यात असलाच पाहिजे. मूल लहान, कुणाला संशय येणार नाही, हा त्यामागचा हिशेब. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ नुसार मुलाकडून अमली पदार्थ विकवणं, वाहून नेणं किंवा पोहोचवणं यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे; मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली तशीच शिक्षा आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ही कलमं मुलांना धमकी म्हणून सांगू नयेत. कायदा तुला पकडण्यासाठी केलेला नाही, तुझ्या हातात पुडी देणाऱ्याला पकडण्यासाठी केलेला आहे, असं सांगावं. सोल्यूशनच्या बाबतीत मात्र नुसत्या बंदीवर विसंबता येत नाही, कारण पंक्चरवाल्याला ते रोज लागतं. तिथे पंक्चरवाल्याशी आणि स्टेशनरीवाल्याशी बोलायला शिक्षकांनी आणि मोहल्ला समितीने जावं. रोज येणारा मुलगा दुकानदाराला सगळ्यात आधी कळतो.

आणि हे सगळं करूनही संध्याकाळ उरतेच. शाळा दोन पाळ्यांत, घर दहा बाय बाराचं, आईवडील कामावर. चार ते आठ मुलाने जायचं कुठे? आइसलँडने याच प्रश्नापासून सुरुवात केली. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात कधीतरी दारूने झिंगली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी भाषणं वाढवली नाहीत. खेळ, संगीत, नाच यांच्या शिकवण्यांना सरकारी पैसा दिला, पालकांना एकमेकांशी बांधलं, रात्री मुलं घरी असतील हे पाहिलं. आइसलँड श्रीमंत आणि चिमुकला आहे, गोवंडी नाही, हे मान्य. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये कला महोत्सव झाला. तिथल्याच इमारतींतली मुलं महिनोन्‌महिने नाटक, छायाचित्रण, रॅप शिकली आणि आपल्याच गल्लीत त्यांनी ते सादर केलं. जागा होती, शिकवणारे मिळाले, मुलं आली. अशी संध्याकाळ वर्षातून एकदा न येता आठवड्यातून पाच वेळा यावी, एवढाच फरक आहे आणि तो पैशाचा आणि इच्छेचा आहे. गोवंडीतलं एखादं मैदान पार्किंगला जातं तेव्हा तो व्यसनाचाही प्रश्न होतो, असं माझं ठाम मत आहे.

जे मूल आधीच घेत असेल, त्याचं काय? कपड्यांना रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, बाहीवर डिंकाचे डाग, एकाएकी चिडणं, वर्गात झोपणं, अशी चिन्हं दिसली तर पहिली ऊर्मी दाखला हातात देण्याची असते. ती आवरावी. शाळा हा त्या मुलाचा शेवटचा चांगला धागा असतो. महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८० च्या दशकात ब्राउन शुगरने मुंबई-पुण्याची तरुण मुलं ओढून नेली, तेव्हा अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर ‘मुक्तांगण’ उभं केलं. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, हे तिथे पहिल्या दिवसापासून धरलेलं सूत्र. मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण ते आता निदान तोंडाने तरी मान्य करतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र अजूनही हात आधी उठतो.

महापालिकेचं सायन रुग्णालय गोवंडीपासून फार लांब नाही. तिथल्या मानसोपचार विभागात मुलाला नेता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मूल संकटात असेल तर १०९८. तिन्हींना पैसे पडत नाहीत. सातवीच्या प्रत्येक वर्गात हे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा, पालकसभेत वाचून दाखवा, आणि पुढच्या २६ जूनला फेरीला जाणारा वेळ वाचवून त्या दिवशी मुलांचं नाटुकलं बसवा.